पॉपच्या जुन्या सिंगल्स जमवताय? मग या चुका टाळा

परवा बडोद्यातल्या दांडिया बाजारातला एक मुलगा पिशवीभर सिंगल्स, म्हणजे बाजूला एकेक गाणं असलेल्या रेकॉर्डी, घेऊन आला. म्हणाला, दादा, सगळ्या गेलेल्या निघाल्या हो, बाई गातेय का बाप्या तेच कळत नाही, पैसे बुडाले. मी माझ्याकडे एक लावली, छान वाजली. दुसरी लावली, तीपण. चौदापैकी अकरा ठणठणीत. मग विचारलं प्लेअर कुठला, तर आत्याने न्यू जर्सीहून आणलेला. तिथेच कळलं. तिकडची वीज ११० व्होल्टची म्हणून आपण ट्रान्सफॉर्मर लावतो, पण ती ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांची असते आणि आपली ५०, आणि ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट बदलतो. एसी मोटरचे बरेचसे जुने प्लेअर हर्ट्झप्रमाणे फिरतात, म्हणून ४५ ची, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी रेकॉर्ड इथे साडेसदतीसने फिरते आणि गाणं पेटीच्या तीन पट्ट्या खाली उतरतं.

तर पहिली चूक हीच, की रेकॉर्डला दोष देऊन मोकळं व्हायचं. आधी स्पीड मोजा. लेबलवर कागदाचा छोटा कपटा चिकटवा, मोबाइलवर एक मिनिट लावा आणि फेरे मोजा, ४५ आले पाहिजेत. ३७-३८ आले तर हर्ट्झची भानगड आहे, मोटरवरची ५० हर्ट्झची पुली शोधावी लागेल. ४३-४४ येत असतील तर बहुतेक बेल्ट सैल झालाय, तो बदलून घ्या. डीसी मोटरच्या प्लेअरला स्पीडचा स्क्रू असतो, तो अगदी हळू फिरवून बघा.

स्पीडचाच अजून एक घोळ म्हणजे सात इंची दिसली की ४५ आणि बारा इंची दिसली की ३३ असं डोक्यात बसलेलं असतं. आपल्याकडे एचएमव्हीच्या सुपर सेव्हन निघायच्या, दिसायला सात इंची पण वाजवायच्या ३३ वर, त्या ४५ वर लावल्या की चिमण्या बोलल्यासारखं वाटतं. आणि ऐंशीच्या दशकातल्या ज्या बारा इंची डान्स मिक्स सिंगल्स असतात त्यातल्या कितीतरी ४५ च्या आहेत. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, सुई टेकवायच्या आधी वाचा.

माझी पहिली चांगली सुई कशी गेली ते सांगतो, कारण ही चूक फार महागात पडते. ऑटोमॅटिक प्लेअरला साइजचा एक खटका असतो, त्यावर १७ आणि ३० लिहिलेलं असतं, म्हणजे सेंटिमीटर. तो ३० वर राहिला आणि मी वर सिंगल ठेवून स्टार्ट दाबलं. टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, एलपीच्या, म्हणजे बारा इंची मोठ्या रेकॉर्डच्या कडेला जिथे उतरायचा तिथे उतरला, तिथे रेकॉर्डच नव्हती, सुई सरळ रबरी मॅटवर घासत गेली आणि वाकली. तेव्हापासून सिंगल मी हातानेच लावतो. तुम्हाला ऑटोमॅटिक वापरायचंच असेल तर खटका १७ वर आहे ना ते दर वेळी बघा, काल बघितला होता म्हणून आज सोडू नका.

जुन्या सूटकेसवाल्या प्लेअरबद्दल लोकांचा जीव अडकलेला असतो, आजोबांचा असतो, मला समजतं. पण त्यात क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी, असतं, पाच-सहा ग्रॅम वजन घेऊन सुई खाचेत बसते आणि स्टिरिओ खाचेला लागते ती वरखाली लवचीकता तिच्यात फारशी नसते. वर त्या सुईला दोन बाजू असतात, एक ७८ च्या स्पीडच्या जुन्या रेकॉर्डींची आणि एक एलपीची, आणि ७८ ची बाजू जवळजवळ चौपट जाड असते. खटका चुकीकडे असला की पहिल्या दोन-तीन वेळातच वरचे सूर, म्हणजे झांजा आणि स-श चे उच्चार, भाजल्यासारखे फुटायला लागतात आणि ते परत येत नाहीत. ऐंशीची पॉप सिंगल त्याच्यावर नकोच. मॅग्नेटिक कार्ट्रिजचा साधा प्लेअर घ्या, दीड ते साडेतीन ग्रॅममध्ये काम होतं. आणि रेकॉर्ड अडकते म्हणून टोनआर्मवर रुपयाचं नाणं ठेवणं बंद करा. अडकली तर आधी खाच साफ करा, मग प्लेअर सपाट टेबलावर आहे का बघा, मग वजन आणि अँटिस्केट, म्हणजे दांडा आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणून असलेली सोय.

मधल्या भोकाचं थोडक्यात. अमेरिकन सिंगलला दीड इंची मोठं भोक असतं, ॲडॅप्टर लागतो. ब्रिटिश सिंगलला साधारण एलपीसारखंच छोटं, पण ज्यूकबॉक्समध्ये, म्हणजे नाणं टाकून गाणं वाजवायच्या मशीनमध्ये, वाजलेल्यांचं भोक पाडून मोठं केलेलं असतं आणि ते वाकडं पडलं असेल तर ताणलेले सूर हेलकावे खातात. घेताना भोकाची कड नीट गोल आहे का बघा.

आता घेण्याबद्दल. बडोद्यात ब्रिटिश सिंगल्स येतात त्या बहुतेक चरोतरातून, आणंद-नडियादच्या ज्या घरातली माणसं इंग्लंडात आहेत तिथून, सुट्टीत आणलेल्या आणि माळ्यावर राहिलेल्या, मग घर रिकामं करताना पस्तीवाल्याकडे, म्हणजे रद्दीवाल्याकडे जातात. म्हणून माल खरा असतो, पण दुर्मीळ असतोच असं नाही. डिसेंबर १९८४ ची बँड एडची, म्हणजे तिकडच्या बऱ्याच पॉप गायकांनी मदतीसाठी मिळून गायलेली, नाताळची सिंगल दर दुसऱ्या गठ्ठ्यात निघते, ब्रिटनमध्ये ती ३० लाखांच्या वर खपली, तिला कोणी रेअर म्हणून भाव सांगितला तर हसून पुढच्या रेकॉर्डकडे वळा. ओल्ड गोल्ड असं लेबल असेल तर तो नंतर काढलेला रीइश्यू आहे, ऐकायला घ्या, ओरिजिनल म्हणून पैसे देऊ नका. लेबलवर गोलातल्या पी पुढे जे साल असतं ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा बाजारात आलं त्याचं असतं, तुमच्या हातातली कॉपी त्याच वर्षी छापली असं त्यावरून ठरत नाही. त्यापेक्षा गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जो कोरा पट्टा राहतो तो उजेडात तिरका धरा, तिथे मॅट्रिक्स नंबर, म्हणजे ती कॉपी कुठल्या साच्यातून निघाली त्याचा नंबर, कोरलेला असतो. कधी कधी तिथे हाताने कोरलेलं पोर्की प्राइम कट सापडतं, ती जॉर्ज पेकहम या कटिंग इंजिनिअरची, म्हणजे मूळ तबकडीवर खाच कोरणाऱ्याची सही, असं काही हाताला लागलं की मला दिवसभर बरं वाटतं.

सगळ्यात जास्त नुकसान मी धुण्यात बघितलंय. ऑगस्ट २०२४ ला बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी घराघरात शिरलं, त्यानंतर वर्षभर बाजारात चिखल लागलेल्या रेकॉर्डी येत होत्या आणि लोक त्या ओल्या फडक्याने खसाखसा पुसत होते. सुकलेल्या गाळात बारीक वाळू असते हो, पुसलं की ती खाचेतून ओढली जाते आणि कायमचे ओरखडे पडतात. अशी रेकॉर्ड कोरडी असताना हातच लावायचा नाही. कव्हर चिकटलं असेल तर ओढू नका, दोन्ही एकत्र थंड पाण्यात ठेवा, आपोआप सुटेल. लेबल वाचवायला दोन्ही बाजूंनी रबराची रिंग असलेली डब्याची झाकणं दाबून धरा. मग नळाच्या बारीक धारेखाली नुसती धरायची, गाळ पाण्यानेच जाऊ दे. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर, जे इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं तेच, बाटलीवर ॲसिड लिहिलेलं नाही ना बघून घ्या, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, आणि मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल गोल. शेवटची धुलाई परत नुसत्या डिस्टिल्डने, कारण बोअरच्या पाण्याने क्षार बसतात आणि रेकॉर्ड वाजताना चटचट करते. ताटाळ्यात उभी करून पंख्याखाली सुकवा, उन्हात नाही.

स्पिरिटचं मात्र सांभाळा. ब्रिटिश सिंगल्समध्ये बऱ्याच अशा आहेत ज्यांना कागदाचं लेबल नसतंच, प्लॅस्टिकवरच चंदेरी किंवा निळा रंग दिलेला असतो, पॉलिग्राम गटाच्या कंपन्यांच्या विशेषकरून. साफसफाईचं आयसोप्रोपिल स्पिरिट लागलं की हा रंग फडक्यावर येतो आणि लेबल कोरं होतं.

धुतल्यावर त्याच बुरशीच्या कव्हरमध्ये परत घालू नका, नवीन कागदी आतलं कव्हर घ्या आणि चित्राचं कव्हर वेगळं, टिपकागदात दाबून सुकवून मागे ठेवा. बाहेरून मऊ पीव्हीसीची पिशवी नको, काही वर्षांत ती रेकॉर्डवर धुरकट डाग सोडते, पॉलिप्रॉपिलीनची घ्या. आणि मे महिन्यात खरेदी करून आलात तर पिशवी गाडीत ठेवून आधी सेव-उसळ खायला जाऊ नका, बंद गाडीतल्या उष्णतेने रेकॉर्डी वाकतात, त्या सोबत घेऊन जा.