‘फॉलआउट’ घरी बघायचा तर

‘मिशन इम्पॉसिबल’ मालिकेतला हा 2018चा सहावा सिनेमा एकदम लावू नका. आधी ‘रोग नेशन’ (2015) बघाच. खलनायक सॉलोमन लेन आणि ब्रिटिश गुप्तहेर इल्सा दोघंही तिथूनच येतात. ज्युलिया कोण हे कळायला तिसरा भाग (2006) बघितलेला बरा; नाहीतर आमच्या सासूबाईंसारखं ‘ही बाई कोण आता?’ ऐन क्लायमॅक्सला ऐकावं लागतं. दुसरा भाग गाळलात तरी चालेल, माझं स्पष्ट मत.

वेळ अडीच तास धरा. जेवणं आधी उरका, पंखा एकवर आणा. पॅरिसमधल्या बाथरूमच्या मारामारीत फरशा, आरसे, नळ फुटण्याचेच आवाज ऐकायचे असतात. तिथेच हेन्री कॅविल बाही सावरून दोन्ही हात असे झटकतो, जणू बंदुकाच लोड करतोय. मी दर वेळी मागे घेऊन बघते.

लंडनच्या छपरांवरची धावाधाव आली की मोबाईल खाली ठेवा. टॉम क्रूझ एका इमारतीवरून दुसरीवर उडी मारतो, पाय भिंतीवर आपटतो. घोटा तिथे खरंच मोडला होता आणि तोच शॉट सिनेमात ठेवलाय. वर चढून तो लंगडत कॅमेऱ्यासमोरून जातो, ते नाटक नाही.

शेवटचं काश्मीर बघून ‘हे कुठलं बरं?’ म्हणत डोकं खाजवू नका. हेलिकॉप्टरचा पाठलाग न्यूझीलंडमध्ये चित्रित झालाय, कड्यावरची झटापट नॉर्वेत.