नागपूरच्या उन्हाळ्यात एसी घ्यायच्या आधी गच्चीवर जाऊन या

नागपूरच्या महाल भागात आमच्या आजीचं घर मातीचं, भिंती दीड फूट जाड, वर कवेलू म्हणजे मातीची कौलं आणि मधे माळा. मे महिन्यात दुपारी तीनला आतल्या खोलीच्या भिंतीला पाठ टेकवून बसलं की पाठ गार लागायची. आता आम्ही राहतो तो स्लॅबचा वरचा मजला, तिथे रात्री अकराला स्टुलावर चढून सीलिंगला हात लावला तर तवाच. नागपुरात २०१३ च्या मे मध्ये पारा ४७.९ पर्यंत गेला होता, त्यामुळे हा विषय आपल्याकडे हौसेचा नाही, घरात म्हातारी माणसं आणि लेकरं असतात.

आधी गरमी कुठून येते ते समजून घ्या. २५-२६ मे च्या आसपास, म्हणजे नवतपा (सगळ्यात कडक उन्हाचे मानलेले नऊ दिवस) लागतो तेव्हाच, आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य बरोबर डोक्यावर. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा ऊन जवळपास लागतच नाही, सगळा मार गच्चीवर आणि नंतर पश्चिमेच्या भिंतीवर. पाच इंची स्लॅब दुपारी खाल्लेली गरमी चार-पाच तासांनी खाली सोडतो, बरोबर आपल्या झोपायच्या वेळी. कवेलूच्या घरात ती गरमी माळ्यावरच अडायची आणि फटींतून निघून जायची. अर्थात दरवर्षी पावसाआधी कवेलू फेरायचे, वाळवी बघायची, ते आता कोणाकडून होत नाही हे मला मान्य आहे, पण त्या घराची अक्कल स्लॅबला लावता येते.

सगळ्यात पहिलं काम गच्चीला चुना मारायचं आणि ते मार्चमध्येच उरका. कळीचा चुना आणा, लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी घ्या आणि त्यात खडे थोडे थोडे सोडा, खड्यांवर पाणी ओतायचं नाही कारण तो उकळून अंगावर उडतो, डोळ्यात गेला तर फार वाईट, चष्मा आणि हातमोजे घालाच. रात्रभर भिजू द्या, सकाळी गाळून त्यात थोडा फेविकॉल मिसळा म्हणजे हाताला पांढरं लागत नाही, गच्ची झाडून धुवून थोडी ओली असतानाच पहिला हात मारा, वाळला की दुसरा. पहिल्या वर्षी मी गच्ची नीट झाडली नव्हती तर पोपडे निघाले, पुन्हा सगळं करावं लागलं. चुना लावल्यावर दुपारी अनवाणी गच्चीवर उभं राहता येतं, हीच त्याची परीक्षा. पाऊस पडला की तो धुपतो, म्हणून दरवर्षी लावायचा.

गच्चीवर हिरवी नेट म्हणजे सावलीची जाळी बांधणार असाल तर स्लॅबपासून निदान सहा-सात फूट वर बांधा, खालून हवा खेळली पाहिजे, अंथरून ठेवली तर काही उपयोग नाही. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून चटई किंवा वाळ्याचा पडदा लावा, ऊन काचेतून आत आलं की मग पडदा कितीही जाड असो.

खिडक्या सकाळी आठ-नऊला बंद आणि संध्याकाळी बाहेरची हवा घरापेक्षा थंड झाली की सगळ्या उघड्या. आजी हेच करायची.

कूलर तर आपला जीव की प्राण. बाहेर ४५ आणि हवा कोरडी असली तर चांगल्या ओल्या ताटीतून (कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या जाळीतून) २९-३० ची हवा येते. पण कूलरची पाठ बाहेर पाहिजे आणि समोरची खिडकी थोडी उघडी, लोक दारं-खिडक्या गच्च लावून बसतात आणि मग चिपचिप होते म्हणतात. पाऊस सुरू झाला की हवेतच ओल असते, तेव्हा पंप बंद करून नुसता फॅन चालवा. आणि कृपा करून अर्थिंग तपासून घ्या, दरवर्षी आपल्याकडे कूलरच्या शॉकने माणसं जातात, पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहायचं नाही.