कविता शिकवायचीय? आधी मुलांकडून शब्द गोळा करा

आठवी-नववीला कविता शिकवताना फळ्यावर 'मध्यवर्ती कल्पना' लिहायची घाई करू नका, तिथेच अर्धा वर्ग मनाने मधल्या सुट्टीत जातो. पहिल्या तासाला फक्त शब्द मागायचे. प्रत्येकाने चिठ्ठीवर एक आवडता शब्द लिहायचा, पण अर्थ भारी आहे म्हणून नाही, तोंडात घोळवायला मजा येते म्हणून. मुंबईची पोरं आहेत, 'राडा', 'झोल' येणारच, येऊ द्या. घरचा एक शब्द पण मागा, मग कुणाच्या मालवणी आजीचा 'गजाली' येतो, कोळीवाड्यातून 'म्हावरं' येतं, कुणी 'झुंजूमुंजू' काढतं.

चिठ्ठ्या मोठ्याने वाचा आणि नुसत्या कानाने दोन गट करा. खडखडाट, राडा एकीकडे, अलगद, झुळूक दुसरीकडे. 'गजाली' कुठे टाकायचा यावर भांडणं होतील, तास संपला तरी चालेल, ती थांबवू नका.

आता सूर. व्याख्या नको, 'आलास?' एवढंच चार जणांना म्हणायला लावा, एकदा लाडात, एकदा रागात, एकदा काळजीने आणि एकदा टोमणा म्हणून. वर्ग हसतो आणि काम होऊन जातं.

मग बालकवींची 'औदुंबर' घ्या, आठच ओळी आहेत. रंगांचे शब्द अधोरेखित करायला सांगा. आधी हिरवा, निळासावळा, पांढरी पायवाट, सगळं कसं छान छान, आणि सहाव्या ओळीच्या शेवटी काळा डोह येतो नि हवाच बदलते. हे तुम्ही सांगायचं नाही हां, मुलांनाच सापडू द्या, 'सर, इथे काहीतरी झालं' असं कोणीतरी म्हणतंच.

मुलांना असंच मध्येच वळण घेणारी कविता लिहायला बसवाल तेव्हा 'पण' आणि 'अचानक' या दोन शब्दांना बंदी, नाहीतर सगळे त्याच दारातून वळतात. मी फळ्यावर हा नमुना देतो:

पहिला पाऊस, शाळेला सुट्टी,
गल्लीत पाणी, होड्यांची शर्यत,
आईने भज्यांचं पीठ भिजवलं,
टीव्हीवर कुर्ल्याचे रूळ दिसेनात,
बाबांचा फोन लागत नाहीये.

विचारा, वळण कुठे आलं? काही जण चौथी ओळ म्हणतील, काही पाचवी, आणि लोकलने जाणारे बाबा ज्यांच्या घरात आहेत ते बहुतेक चौथीच म्हणतील. दोन्ही उत्तरं मान्य करा, फक्त 'कुठल्या शब्दामुळे?' हे सोडू नका. मग त्यांनी सहा ओळी लिहायच्या, चिठ्ठ्यांमधले निदान दोन शब्द वापरून.

तपासताना पहिल्या खेपेला ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नका प्लीज, लाल पेन बघितलं की पोरं पाठ्यपुस्तकी लिहायला लागतात. सूर जिथे बदलला त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारायची, बास. रेघ मारायला जागाच सापडली नाही तर मुलाला कविता मोठ्याने वाचायला लावा, आवाज जिथे अडखळेल तिथून पुढचं पुन्हा लिहायला सांगा.