पिल्ले उतरण्याआधी: पहिल्या घासाची तयारी

‘पोटात बलक आहे, दोन दिवस पिल्लू उपाशी राहिलं तरी चालतं,’ हे अजूनही कोंबड्यांच्या शेडोशेडी ऐकू येतं. चालतं म्हणजे मरत नाही, इतकंच. अंड्यातून पोटात आलेल्या त्या बलकात आईकडून आलेली प्रतिकारद्रव्ये असतात. ती जळणासारखी खर्च झाली तर तोटा आपला. शिवाय आतड्याच्या आतली बोटांसारखी लव पहिल्या काही दिवसांत झपाट्याने वाढते आणि त्या वाढीला आतड्यातून जाणारं खाद्यच चालना देतं. एकाच हॅचरमधली (अंडी उबवून पिल्ले काढायच्या यंत्रातली) पहिली आणि शेवटची पिल्ले यांत २४ ते ३६ तासांचं अंतर असू शकतं. त्यात निवड, लस आणि गाडीचा प्रवास धरला, तर काही पिल्ले दीड-दोन दिवसांची उपाशीच तुमच्या दारात येतात. म्हणून खाद्य-पाणी गाडीच्या आधी जागेवर हवं.

पुढचा हिशोब १००० ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या, पिल्लांचा. १५ ते १८ इंच उंचीच्या चिक गार्डची (पिल्लांभोवती उभ्या करायच्या पट्टीची), १२ फूट व्यासाची दोन रिंगणे करा, प्रत्येकी ५०० पिल्लांसाठी. खाली दोन-तीन इंच कोरडा भाताचा तूस. इगतपुरीकडच्या गिरणीतून आणलात तर मुठीत दाबून पाहा; ओलसर किंवा बुरशीचा वास असलेला तूस परत करा, कारण पिल्ले तो टोचतात आणि बुरशी फुफ्फुसात जाते.

ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारं साधन, २४ तास आधी पेटवा. डिसेंबर-जानेवारीत निफाड, सिन्नरकडे ४८ तास आधी. हवा लवकर तापते, तूस आणि खालची जमीन उशिरा, आणि पिल्लू उभं असतं ते तुसावर. तूस २८ ते ३० अंश, पिल्लाच्या उंचीवरची हवा ३२ ते ३३ अंश हवी. थंड पिल्लू खाद्याकडे जात नाही, ते गठ्ठा करून बसतं. उतरवल्यावर पिल्लाचे पाय स्वतःच्या गालाला लावून पाहा. गार लागले तर आधी उष्णता वाढवा. कोळशाची शेगडी असेल तर पडदे वरून फूटभर उघडे ठेवा. थंडीच्या भीतीने शेड पूर्ण बंद केली की विषारी वायू कोंडतो, आणि ही चूक दर हिवाळ्यात होते.

रिंगणाच्या निम्म्याहून जास्त जागेवर कागद अंथरा. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकतात, म्हणून खरखरीत कागद किंवा पुठ्ठा बरा. त्यावर पिल्लामागे ४० ग्रॅम, म्हणजे एकूण ४० किलो प्री-स्टार्टर (अगदी पहिल्या दिवसांचं खाद्य) चुरा थोडा-थोडा करून टाका. ५० पिल्लांमागे खाद्याचा एक ट्रे आणि पाण्याचं एक भांडं (ड्रिंकर), दोन्ही २०-२०. नुसता मक्याचा भरडा पहिला दिवसभर देऊ नका. आतडं वाढायला प्रथिनं लागतात, ती भरड्यात कमी असतात.

पाणी कोमट, २० ते २५ अंश. लांबच्या प्रवासानंतर लिटरला २० ग्रॅम गूळ चालेल, पण दोन-तीन तासच. पुढे ते आंबतं आणि विष्ठा पातळ होते. नंतर ड्रिंकर घासून धुवा. प्रोबायोटिक, म्हणजे आतड्याला उपयोगी जिवंत जंतू, देणार असाल तर त्या पाण्यात ब्लीचिंग नको आणि सोबत अँटिबायोटिकही नको, नाहीतर चांगले जंतू तिथेच मरतात. चांगल्या जंतूंनी आधी जागा धरली की साल्मोनेला या रोगजंतूला ती मिळत नाही, हे नुर्मी आणि रांताला या संशोधकांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं. पहिली रात्र उजेड बंद नको. वीज जाणार हे गृहीत धरून इन्व्हर्टर तयार ठेवा.

आता गळ्याखालची अन्नपिशवी चाचपायची. रिंगणाच्या वेगवेगळ्या भागांतून ३०-४० पिल्ले घ्या. दोन तासांनी १०० पैकी ७५, २४ तासांनी किमान ९५ पिल्लांच्या पिशव्या भरलेल्या हव्यात. पिशवी लापशीसारखी मऊ लागली तर ठीक. आत दाणे कडक लागले तर पाणी मिळालेलं नाही: ड्रिंकर जवळ आणा, काही पिल्लांच्या चोची पाण्यात बुडवा. पाण्याच्या फुग्यासारखी लागली तर खाद्य सापडलेलं नाही: कागदावर ताजं खाद्य पसरा, उजेड वाढवा. गुदद्वाराला विष्ठा चिकटलेली दिसली तर औषधाआधी तुसाचं तापमान आणि पाणी तपासा. सातव्या दिवशी १०० पिल्ले तोला; ४० ग्रॅमचं पिल्लू १६० ते १८० ग्रॅमवर यायला हवं.