वाचनाचा हिशेब मागू नका : मुलांना पुस्तकांकडे नेताना या चुका टाळा

मुंबईतील एका जुन्या ग्रंथालयाच्या बालविभागात मी शनिवार-रविवार काम करते. तिथे येणाऱ्या पालकांची तक्रार ठरलेली असते : मूल हुशार आहे, पण पुस्तकाला हात लावत नाही. मुलाशी थोडा वेळ एकटे बोलले की बहुधा असे कळते की ते खरे कंटाळलेले असते ते वाचल्यानंतर घरी होणाऱ्या चौकशीला.

पुस्तक मिटताच त्याचा हिशेब मागणे ही मला सर्वांत घातक वाटणारी आणि सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक आहे. गोष्टीतून काय शिकलास, तात्पर्य काय, नवे शब्द कोणते आले, आता आजीला सांगून दाखव, असे प्रश्न प्रेमापोटीच विचारले जातात; परंतु दिवसभर शाळेत स्वाध्याय सोडवून आलेल्या मुलाला त्यात आणखी एक स्वाध्याय दिसतो.

चौथीतला एक मुलगा आमच्याकडे नियमाने यायचा आणि दर वेळी कपाटातले सर्वांत बारीक पुस्तक उचलायचा. वडिलांनी त्याला एक वही घालून दिली होती, तीत प्रत्येक पुस्तकाचे नाव, लेखक, दहा कठीण शब्द आणि सारांश लिहून शनिवारी रात्री ती दाखवायची असा दंडक होता. एकदा त्याने परत केलेल्या पुस्तकाची दोन पाने छापखान्यातच चिकटून राहिलेली होती आणि ती तशीच चिकटलेली होती, म्हणून मी वही पाहायला मागितली. सारांश मलपृष्ठावरच्या मजकुरातून उतरवलेला होता, अक्षर मात्र मोत्यासारखे होते. म्हणजे वही भरत होती, वडील समाधानी होते आणि मुलाने एकही पुस्तक वाचलेले नव्हते.

वडिलांची समजूत घालणे सोपे नव्हते. वही बंद केली तर मूल वाचते आहे हे कळणार कसे, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो प्रामाणिक होता. अखेर दिवाळीच्या सुट्टीपुरती वही बाजूला ठेवायला ते तयार झाले. मुलाला लोकलचे भारी वेड होते. फलाटावरच्या इंडिकेटरवर गाडी धीमी की जलद आणि किती डब्यांची हे तो आईच्या आधी वाचत असे, पण घरात त्याला कोणी वाचन म्हणत नव्हते. मी त्याला रेल्वेविषयीचे एक चित्रमय माहितीचे पुस्तक दिले आणि काहीही विचारणार नाही असे सांगितले. पुढच्याच खेपेस तो माझ्या टेबलापाशी उभा राहून सांगू लागला की १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने जोडलेली होती, आणि मग, एका गाडीला तीन इंजिने का लागली असतील, हे त्यानेच मला विचारले. जो सारांश वहीतून वर्षभर निघाला नव्हता, तो असा न मागता आला. तेव्हापासून मी पालकांना एकच सवय लावून घ्यायला सांगते : पुस्तकाविषयी पहिला प्रश्न मुलाला विचारू द्या, आणि त्याने विचारला नाही तर आपणही गप्प राहा.

बक्षिसाचा मार्ग जवळचा वाटतो, म्हणून घाईतले पालक तो हमखास धरतात. वीस पाने वाचलीस तर अर्धा तास मोबाइल, पाच पुस्तकांना एक खेळणे, असे सौदे ठरतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत झालेला आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगा आहे. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांपैकी काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगून ते देण्यात आले. पुढे मोकळ्या वेळात त्या मुलांनी चित्रांना दिलेला वेळ इतर मुलांच्या सुमारे निम्माच भरला. प्रयोग चित्रांचा होता हे खरे, पण मोबाइलसाठी वाचणाऱ्या मुलांमध्ये मला नेमके हेच दिसते : पुस्तक ही मोबाइलची किंमत ठरते, आणि किंमत नेहमी कमीत कमी मोजावी असेच कोणालाही वाटते. तीस दिवसांत वाचनाची गोडी लावून देतो असे सांगणाऱ्या वर्गांविषयी माझे मत याहून चांगले नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे मूल अक्षरे जुळवू लागले की त्याला वाचून दाखवणे थांबवणे. मुंबईत इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत ही चूक विशेष महागात पडते. घरी आजी-आजोबांशी बोलणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला कानाने मराठीतली चांगली गुंतागुंतीची गोष्ट कळते, परंतु डोळ्यांनी ते जेमतेम पहिलीच्या पुस्तकाइतके वाचू शकते. त्यातून देवनागरीच्या काही अडचणी अशा आहेत की मोठ्यांना त्या जाणवतही नाहीत. ‘किती’मधली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चार मात्र नंतर होतो; ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर असतो, पण बोलताना त्याच्या आधी येतो. मूल तिथे अडखळते, आई म्हणते की एवढे साधे येत नाही का, आणि त्याला जी गोष्ट समजली असती ती वाचता येत नाही, जी वाचता येते ती बाळबोध वाटते. यावर उपाय म्हणजे दोन्ही पुस्तके घरात एकाच वेळी चालू ठेवणे : त्याच्या समजेच्या उंचीचे आपण रोज पंधरा मिनिटे वाचून दाखवावे, आणि सोपे, ठळक अक्षरांचे त्याच्यापाशी राहू द्यावे. वाचून दाखवताना मी ओळीखालून बोट फिरवते आणि मूल मध्येच एखादा शब्द आपण होऊन वाचू लागले तर थांबून तो त्याला वाचू देते. मुलगा-मुलगी सातवीत गेली तरी त्यांना ऐकायचे असेल तोवर हे चालू ठेवावे.

मूल मोठ्याने वाचत असताना प्रत्येक चुकीला टोकू नये. अडलेला शब्द लगेच सांगून पुढे जावे.

आपल्या लहानपणी आवडलेले पुस्तकच त्याला आवडले पाहिजे असा आग्रह धरू नये. विनोदांचे पुस्तक, क्रिकेटपटूंची माहिती, कोडी, चित्रकथा, हे सारे वाचनच आहे. निवडीला वाव हवा असेल तर बालभारतीचे ‘किशोर’ मासिक घ्यावे. ते १९७१पासून निघते, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, आणि एकाच अंकात गोष्ट, कविता, कोडे असे सगळे असल्यामुळे मुलाला हवे ते उघडता येते.

नावडते पुस्तक शेवटपर्यंत वाचायला लावू नये. ते परत करावे आणि दुसरे घ्यावे.

एक गोष्ट मात्र आवडीनिवडीच्या खात्यात टाकून चालत नाही. तिसरी-चौथीतले मूल ऐकलेले सर्व नीट समजते, पण वाचताना ओळ सुटते, सारखी दिसणारी अक्षरे उलटसुलट होतात, एक परिच्छेद वाचून ते थकते, अशी लक्षणे असतील तर त्याला आळशी म्हणण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. डोळ्यांत दोष न निघाल्यास अध्ययन अक्षमतेची तपासणी करावी. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती होते. असे मूल वाचनाची टाळाटाळ करते ते त्रास होतो म्हणून, आणि त्याला गोडी लावण्याच्या नावाखाली आणखी पाने वाचायला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

शेवटी घाईविषयी. जूनमध्ये सभासद झालेले पालक गणपतीच्या सुमारास येऊन विचारतात की फरक का दिसत नाही. फरक पुस्तकांच्या संख्येत शोधू नये. सांगितल्याशिवाय पुस्तक उचलणे, जेवताना ते बाजूला न ठेवणे, आणि तेच पुस्तक पुन्हा मागणे, या खुणा मी पाहते. यातल्या शेवटच्या खुणेला पालक सर्वांत जास्त विरोध करतात, कारण वर्गणी भरून जुनेच पुस्तक नेणे त्यांना नुकसानीचे वाटते. वास्तविक दुसऱ्या वाचनात मुलाला शब्दांशी झगडावे लागत नाही आणि गोष्टीकडे पूर्ण लक्ष देता येते. त्याच पुस्तकासाठी पुन्हा आलेल्या मुलाला मी ते पुन्हा देते, आणि बरोबर एखादे नवेही न्यावे असा पालकांचा आग्रह असेल तर ते पालकांच्या नावावर लिहिते.