पशुवैद्यकीय शिक्षणाआधी जनावरांचा अनुभव घेताय? या चुका टाळा

पशुवैद्यकीय प्रवेशाची तयारी करणारी मुलं-मुली अनुभवासाठी जागा शोधू लागली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ऑपरेशन बघायला मिळेल का?" चुकीची सुरुवात इथेच होते. आजारी जनावर ओळखायचं तर निरोगी जनावर आधी डोळ्यांत पक्कं बसावं लागतं, आणि ते ऑपरेशनच्या टेबलावर दिसत नाही. ते गोठ्यात, तबेल्यात, निवारा केंद्रात रोज समोर असतं.

झाडलोटीला कमी लेखणं

शेण काढणं, गव्हाण साफ करणं, पाणी बदलणं ही कामं अंगावर आली की अनेकांचा विरस होतो. पण शेण पातळ झालंय, काल संपलेला चारा आज तसाच पडलाय, एक गाय कळपापासून बाजूला उभी आहे, हे सगळ्यात आधी कळतं ते झाडणाऱ्यालाच. निवांत बसलेल्या गाईजवळ थोडा वेळ थांबा. रवंथ चालू आहे का, कान हलतात का, नाकपुडी ओलसर आहे का, ते बघा. परवानगी घेऊन डाव्या भकाळीवर, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांमधल्या खोलगट भागावर, मूठ दाबून धरा. निरोगी गाईच्या कोटीपोटाची (चारा साठवणाऱ्या पहिल्या, मोठ्या पोटाची) हालचाल दोन मिनिटांत साधारण तीन वेळा मुठीला जाणवते. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि मुठीखाली जाणवणं वेगळं.

आकड्यांचंही तसंच. थर्मामीटरवर ३८.८ अंश सेल्सिअस दिसलं की नवखा मुलगा "ताप आलाय" म्हणून धावत येतो. कुत्र्याचं आणि गाईचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ३७ हा माणसाचा आकडा. घोड्याचं हृदय विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ ठोके देतं, मांजराचं मात्र दीडशेच्या पुढेही सहज जातं. म्हणून प्रत्येक जातीची निरोगी जनावरं पुन्हा पुन्हा मोजा.

थेट जाऊन हात लावणं

गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे तिला जवळपास चौफेर दिसतं, पण अगदी मागचं दिसत नाही. मागून गुपचूप गेलात तर ती दचकणारच. खांद्याच्या बाजूने, तिला दिसेल असं, बोलत बोलत जा. गाय बाजूलाही लाथ झाडते, त्यामुळे मागच्या पायांशेजारी उभं राहणं सुरक्षित समजू नका.

कुत्र्यावर वरून वाकू नका, डोळ्यांत रोखून पाहू नका. अंग थोडं तिरकं ठेवून त्याला जवळ येऊ द्या. शेपूट हलतेय म्हणजे तो खूशच आहे, असं नाही. जांभया देणं, ओठ चाटणं, मान वळवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघणं ही अस्वस्थतेची लक्षणं असू शकतात. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला दटावलं, तर पुढच्या वेळी तो इशारा न देताच चावू शकतो. त्याचं गुरगुरणं ऐका आणि मागे सरका.

स्वतःची काळजी न घेणं

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच चुकीची. काम सुरू करण्याआधी रेबीजच्या प्रतिबंधक लसीबद्दल डॉक्टरांशी बोला. चावा किंवा ओरखडा बसला, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, लस आधी घेतलेली असली तरी. भीड वाटते म्हणून चावा लपवणारी मुलं असतात. कृपा करून तसं करू नका. जार (वासरानंतर बाहेर पडणारी वार), गर्भपात झालेलं वासरू, विण्याच्या वेळचा स्राव यांना उघड्या हाताने स्पर्श नको, कारण ब्रुसेलोसिससारखे आजार तिथून माणसाला होतात.

पायरी ओलांडणं

कुणीतरी "दे रे तूच इंजेक्शन" म्हटलं तरी पशुवैद्य शेजारी उभे राहून शिकवत नसतील तर नकार द्या. मालकाला न विचारता जनावराचे फोटो टाकू नका.

नोंदी शेवटी लिहिणं

पशुवैद्याच्या देखरेखीखालचे तास आणि इतर ठिकाणी जनावरं सांभाळल्याचे तास बऱ्याच ठिकाणी प्रवेशाच्या वेळी वेगळे मोजतात. तारीख, जनावराची जात, स्वतः काय केलं आणि देखरेख कुणाची होती, हे त्याच दिवशी लिहा. सहीही वेळच्या वेळी घ्या. सगळे तास एकाच दवाखान्यात, फक्त कुत्र्या-मांजरांत घालवू नका.

काही अडलं तर

"मला नुसतं उभं करतात" अशी तक्रार असेल तर "काही काम आहे का?" असं मोघम विचारू नका. ठरावीक काम मागा: वजन करू का, उपकरणं धुऊ का, जनावर धरायला शिकवाल का? जनावर नीट धरणारा माणूस सगळ्यांनाच हवा असतो.

रक्त बघून चक्कर येत असेल तर स्वप्न सोडायची गरज नाही. असं बऱ्याच जणांना होतं आणि सवयीने बहुतेकांचं कमी होतं. उपाशीपोटी जाऊ नका, गुडघे ताठ करून उभे राहू नका. डोळ्यांपुढे अंधारी येतेय असं वाटताच शेजारच्याला सांगा आणि भिंतीला टेकून खाली बसा.