साइट उघडत नाहीये? राऊटर बंद-चालू करायच्या आधी हे करून बघा

"नेट गेलंय" म्हटलं की आपल्याकडे उपाय एकच, राऊटर बंद करा, थोडं थांबा, चालू करा. कधीकधी चालतं पण, नाही असं नाही. पण नेमकं काय गेलं होतं ते शेवटपर्यंत कळत नाही आणि कस्टमर केअरला फोन लावला तर तेही तेच सांगतात. त्यापेक्षा आपली रिक्वेस्ट ब्राउझरमधून निघून सर्व्हरपर्यंत ज्या वाटेने जाते त्याच वाटेने एकेक लेयर तपासत जायचं. ओएसआय या नेटवर्कच्या मॉडेलचे सात लेयर कॉलेजात सगळ्यांनी पाठ केलेत, घरच्या कामाला चार पुरतात: लिंक (केबल-वायफाय), आयपी (पत्ता आणि वाट), टीसीपी (सर्व्हरशी जोडणी) आणि वरचं अ‍ॅप्लिकेशन. सुरुवात खालून करायची, कारण खालचंच बंद असेल तर वरचं बघून उपयोग काय.

नमुना म्हणून मराठी विकिपीडिया घेऊ. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, मॅक-लिनक्सवाल्यांनी टर्मिनल. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करा.

आधी लिंक. फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागलाय का बघा. लागला असेल तर प्रकाशच घरापर्यंत पोचत नाहीये, रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली असेल नाहीतर सोसायटीच्या डक्टमध्ये उंदराने कुरतडली असेल, तिथे लॅपटॉपवर कितीही खटपट करा, माणूस येऊन जोडेपर्यंत काही होणार नाही. दिवा ठीक असेल तर विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’ चालवा. आयपी पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुतेक ठीक, १६९.२५४ ने होत असेल तर राऊटरने पत्ता दिलेलाच नाही आणि विंडोजने स्वतःच एक घेऊन टाकलाय, म्हणजे घोळ तुमच्या आणि राऊटरच्या मध्येच आहे. मग तिथेच दिसणाऱ्या डिफॉल्ट गेटवेला, म्हणजे तुमच्या राऊटरच्या पत्त्याला, पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघा. एकदा २ मिलिसेकंद, एकदा ३००, मग टाइमआउट असं होत असेल तर बिचाऱ्या कंपनीला शिव्या घालू नका, वायफायची बोंब आहे. पुण्यात कोथरूडच्या एखाद्या बिल्डिंगमध्ये वायफायची लिस्ट उघडली तर वीस-पंचवीस नावं सहज दिसतात, आणि २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झवर जा किंवा सरळ लॅनची वायर लावा.

‘एआरपी डॅश ए’ मारलं तर राऊटरचा मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे हार्डवेअरचा पत्ताही दिसतो (अ‍ॅपलच्या मॅकशी याचा संबंध नाही). इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो की आयपी आणि मॅक दोन्ही कशाला. वनाझवरून एअरपोर्टला निघालात तर जायचं ठिकाण शेवटपर्यंत एअरपोर्टच राहतं, पण रामवाडीपर्यंत मेट्रो आणि पुढे रिक्षा, वाहन टप्प्याटप्प्याला बदलतं. डेस्टिनेशन आयपी म्हणजे ते एअरपोर्ट, मॅक म्हणजे आत्ताच्या टप्प्याचं वाहन. फक्त घरचा राऊटर मध्ये एक उद्योग करतो, पाठवणाऱ्याचा म्हणजे तुमचा पत्ता पुसून बाहेरचा लावतो, त्याला नॅट म्हणतात.

आता आयपी. ‘पिंग ८.८.८.८’ करा, हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचा पत्ता. उत्तर आलं तर नेट चालू आहे, विषय संपला, पुढचा त्रास वरच्या लेयरचा. नाही आलं आणि गेटवे मात्र उत्तर देतोय, तर प्रॉब्लेम राऊटरच्या पलीकडे.

ट्रेसरूट मला सगळ्यात आवडतं. ‘ट्रेसर्ट’ आणि पुढे विकिपीडियाचा पत्ता द्या, मॅकवर ‘ट्रेसरूट’. प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यावर, टीटीएल नावाचा आकडा असतो, वाटेतला प्रत्येक राऊटर तो एकने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट फेकून देऊन पाठवणाऱ्याला कळवतो. ट्रेसर्ट मुद्दाम आधी १, मग २, मग ३ असा टीटीएल लावून पॅकेट पाठवतं आणि कोणी फेकलं त्याची यादी करतं, एवढंच. मध्ये नुसत्या चांदण्या दिसल्या तर घाबरू नका, काही राऊटर उत्तरच देत नाहीत, पुढच्या ओळी येत असतील तर वाट चालू आहे. शेवटच्या नावात ‘इक्यूसिन’ दिसलं तर तो विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाचा सिंगापूरचा डेटासेंटर, ‘इक्यू’ इक्विनिक्स या डेटासेंटर कंपनीचं आणि ‘सिन’ चांगी विमानतळाचा कोड. म्हणजे पुण्यात बसून मराठी पान वाचायला पॅकेट समुद्राखालून जाऊन येतंय. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, सिंगापूर सुमारे ४,००० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद कुणाच्या बापाला कमी करता येत नाहीत, प्रत्यक्षात जास्तच लागतात.

८.८.८.८ चालतंय पण साइट नाही? ‘एनएसलुकअप’ आणि साइटचं नाव द्या. साइटच्या नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेला डीएनएस म्हणतात, ही कमांड तिलाच विचारते. उत्तर नाही आलं तर तीच कमांड शेवटी १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा डीएनएस) जोडून द्या. आता आलं तर कंपनीचा डीएनएस झोपलाय, राऊटरमध्ये डीएनएस बदला आणि मोकळे व्हा.

पुढे टीसीपी. ‘कर्ल डॅश व्ही’ आणि एचटीटीपीएससकट पूर्ण पत्ता द्या, पण कमांड प्रॉम्प्टमध्येच, विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलमध्ये कर्ल नावाने भलतंच चालतं. ‘कनेक्टेड’ अशी ओळ आली म्हणजे तुमच्या आणि सर्व्हरच्या मध्ये सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक असा तीन मेसेजचा नमस्कार-चमत्कार झाला आणि ४४३ पोर्ट, म्हणजे सुरक्षित साइटचं दार, उघडा आहे. ‘रिफ्यूज्ड’ आलं तर बहुतेक मशीन जागं आहे पण त्या पोर्टवर कोणी बसलेलं नाही, नुसतं लटकलं तर फायरवॉल गिळतोय किंवा सर्व्हर मेलाय. कनेक्ट होऊन सर्टिफिकेटची बोंब आली तर आधी घड्याळ बघा! जुन्या लॅपटॉपची मदरबोर्डवरची बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते आणि एकूण एक सुरक्षित साइट एरर द्यायला लागते.

हे सगळं पार करून ५०२ किंवा ५०३ असा सर्व्हरकडचा एरर दिसला तर तुमचं नेट ठणठणीत आहे. निकालाच्या दिवशी साइट ५०३ देते तेव्हा राऊटर बंद करून काय मिळणार, गर्दी तिकडे आहे.

एक विचित्र केस राहिली, काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यात लटकतात. तेव्हा विंडोजवर ‘पिंग डॅश एफ डॅश एल १४७२ ८.८.८.८’ करून बघा, यात वर हेडरचे २८ बाइट धरले की १५०० होतात. फ्रॅगमेंट करावं लागेल म्हणजे पॅकेट तोडावं लागेल असा मेसेज आला तर १४६४ टाका. ते चाललं तर लाइन बहुधा पीपीपीओईची, म्हणजे राऊटरने यूजरनेम-पासवर्ड देऊन जोडायची, आहे, तिथे पॅकेटची मर्यादा म्हणजे एमटीयू १५०० ऐवजी १४९२ बाइट असते, राऊटरमध्ये तेवढा करा.

आणि फोन करायचीच वेळ आली तर "नेट चालत नाही" म्हणू नका. "एलओएस लाल नाही, गेटवेला पिंग होतंय, ८.८.८.८ ला होत नाही, ट्रेसर्ट दुसऱ्या ओळीनंतर थांबतंय" एवढं बोला, स्क्रीनशॉट पाठवा आणि तक्रार नंबर घ्या.